अँकर कॅमेऱ्यात बघून चिडून बोलतो तेव्हा ती बातमी असते की मत? सोप्या भाषेत

हल्ली मोबाइलवर एका प्रकारची क्लिप सारखी फिरते. एकच अँकर, बाजूला सहा खिडक्यांचं पॅनल नाही, ढँणढँण म्युझिक नाही, सरळ कॅमेऱ्यात बघून सात-आठ मिनिटं बोलतोय, चिडलाय, मध्येच आवाज भरून येतोय, आणि पाठवणाऱ्याने खाली लिहिलंय 'शेवटपर्यंत ऐकाच'. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये सकाळी निम्मा डबा कानात इअरफोन घालून असलंच काहीतरी बघत असतो, आणि घरच्या ग्रुपवर दुपारपर्यंत दोन तट पडलेले असतात. एकाचं म्हणणं काय बोललाय राव, दुसऱ्याचं म्हणणं हा कसला पत्रकार, बातमी द्यायची सोडून भाषण ठोकतोय.

नेरुळचे माझे काका दूरदर्शनच्या जमान्यातले, प्रदीप भिडे, अनंत भावे यांच्या बातम्या बघून वाढलेले. ते मला म्हणाले, "अगं, तेव्हा बातम्या देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळायचंसुद्धा नाही त्याला स्वतःला काय वाटतंय ते. हा तर सरळ भांडतोय. चालतं हे असं?"

चालतं. माझं तर म्हणणं आहे की नीट केलेलं असेल तर टीव्हीवरच्या पत्रकारितेतला हा सगळ्यात देखणा प्रकार आहे आणि मी त्याची चाहती आहे. पण 'नीट केलेलं' म्हणजे काय हे कळायला आधी थोडं मागे जावं लागेल.

आधी बेसिक: बातमी, विश्लेषण आणि भाष्य

बातमी म्हणजे काय झालं. विश्लेषण म्हणजे ते का झालं आणि पुढे काय होऊ शकतं. आणि भाष्य म्हणजे जे झालं ते बरोबर की चूक हे बोलणाऱ्याने स्वतःच्या नावावर सांगणं. आपल्याला आवडणारी ती क्लिप या तिसऱ्या खात्यात येते.

घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यासमोर आणा. सेक्रेटरी उठून इतिवृत्त वाचतो, टँकरच्या पाण्यावर वर्षभरात इतके लाख गेले, मागच्या वर्षी इतके गेले होते. ही झाली बातमी. मग तिसऱ्या रांगेतल्या एक काकू उठतात, हातात बिलांची फाइल, आणि म्हणतात की एप्रिलमध्ये पाऊस नाही म्हणून टँकर जास्त लागले हे समजलं, पण ऑगस्टमध्येही तेवढेच कसे लागले, आणि चेअरमनसाहेब तुम्ही याचं उत्तर सगळ्यांसमोर द्या. त्यांचा आवाज चढलेला असतो, हात थरथरत असतो. हे भाष्य. आता बघा, काकूंनी सेक्रेटरीचा आकडा बदललेला नाही, आकडा तोच आहे, त्यावर त्यांनी स्वतःचं नाव आणि फ्लॅट नंबर लावून उघड प्रश्न विचारलाय. आणि त्यांच्याकडे ती फाइल नसती तर त्यांचा तोच चढलेला आवाज नुसती कटकट ठरला असता.

ही फाइल लक्षात ठेवा, तिची पुढे गरज पडणार आहे.

आपल्याला हे नवीन नाही, आपण ते वाचत आलोय

'पत्रकाराने मत देऊ नये' असं आपण मराठी माणसांनी म्हणणं तसं विचित्रच, कारण आपली वर्तमानपत्रं मतांवरच उभी राहिली. अग्रलेख म्हणजे दुसरं काय असतं? १८९७ मध्ये प्लेगच्या काळात पुण्यात जे चाललं होतं त्या वातावरणात 'केसरी'त 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख आला, आणि त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षाही झाली (खटला दुसऱ्या लेखनावरून होता, पण माणूस तोच आणि राग तोच). आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला तो बातम्या कमी पडत होत्या म्हणून नाही, त्यांना समाजाला काही सुनवायचं होतं म्हणून. अत्र्यांचा 'मराठा' १९५६ मध्ये निघाला, ऐन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, आणि तो काही कोरड्या बातम्यांसाठी कुणी विकत घेत नव्हतं. ठाण्यातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेत आजही पेपर उलगडून आधी अग्रलेखाचं पान काढणारे लोक तुम्हाला भेटतील.

फरक एवढाच की पेपरात अग्रलेखाला स्वतःचं पान असतं, चौकट असते, वाचणाऱ्याला लगेच कळतं की आता बातमी संपली आणि संपादक बोलतोय. टीव्हीवर तोच चेहरा, तोच स्टुडिओ, तोच कोट. नऊ वाजून चौदा मिनिटांपर्यंत तो बातमी देत होता आणि पंधराव्या मिनिटाला मत देतोय, मध्ये पान उलटल्याचा आवाज येत नाही. काकांचा गोंधळ इथे होतो आणि तो रास्त आहे.

टीव्हीवर हे सुरू कसं झालं

याची सगळ्यात गाजलेली उदाहरणं अमेरिकेतली आहेत. ९ मार्च १९५४ ला सीबीएसवर एडवर्ड आर. मर्रो याने 'सी इट नाऊ' या कार्यक्रमाचा अख्खा अर्धा तास सेनेटर जोसेफ मॅकार्थीवर केला. मॅकार्थी त्या काळात कुणालाही कम्युनिस्ट ठरवत सुटला होता, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, भले भले गप्प होते. मर्रोने काय केलं, बराचसा वेळ मॅकार्थीच्याच भाषणांचे आणि सुनावण्यांचे फिल्मचे तुकडे लावले. माणूस स्वतःच्या तोंडाने काय बोलतोय ते दाखवायचं, मध्ये थांबून त्यातलं खोटं काय ते सांगायचं, आणि स्वतःचं मत अगदी शेवटच्या काही मिनिटांत. चॅनलने या भागाची जाहिरात करायला नकार दिला म्हणून त्याने आणि त्याचा निर्माता फ्रेड फ्रेंडली याने पदरच्या पैशांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात दिली. आणि मॅकार्थीला उत्तर द्यायला त्याच कार्यक्रमात वेळ दिला, ते उत्तर ६ एप्रिलला दाखवलंही गेलं. मला यातलं हे शेवटचं फार आवडतं, ज्याच्यावर तुटून पडलात त्याला स्वतःच्याच घरात खुर्ची द्यायची.

मग २७ फेब्रुवारी १९६८, वॉल्टर क्रॉन्काइट. हा म्हणजे अमेरिकेतला अगदी संथ, भरवशाचा बातम्या देणारा. व्हिएतनामला जाऊन आला आणि खास कार्यक्रमाच्या शेवटी म्हणाला की हे युद्ध कोंडीत अडकलंय, वाटाघाटी करून बाहेर पडावं. पण हे बोलण्याआधी त्याने स्वच्छ सांगितलं की आता मी जे सांगतोय ते माझं वैयक्तिक मत आहे. पेपरातली चौकट त्याने बोलून आखली.

आणि मग माझा लाडका, कीथ ओल्बरमन. मूळचा स्पोर्ट्सवाला, ईएसपीएनवर मॅचचे हायलाइट्स सांगायचा, नंतर एमएसएनबीसीवर २००३ ते २०११ 'काउंटडाउन' नावाचा रात्रीचा कार्यक्रम केला. २९ ऑगस्ट २००६ ला अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी माजी सैनिकांच्या मेळाव्यात भाषण केलं, त्यात इराक युद्धाला विरोध करणाऱ्यांची तुलना १९३० च्या दशकात हिटलरला चुचकारणाऱ्यांशी केली. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑगस्टला, ओल्बरमनने कार्यक्रमाच्या शेवटी 'स्पेशल कॉमेंट' अशी पाटी स्क्रीनवर लावून त्याला उत्तर दिलं. पुढची काही वर्षं या 'स्पेशल कॉमेंट' गाजल्या.

त्या एका उत्तरात असं काय होतं

मी काकांना ते लावून दाखवलं. काका रिमोट मांडीवर घेऊन बसलेले, इंग्रजी चांगलं आहे त्यांचं, तरी खालचे शब्द वाचत होते. मधल्या एका ठिकाणी म्हणाले, "थांब, मागे घे." तो भाग असा की ओल्बरमन म्हणतो, ठीक आहे, १९३० च्या दशकाची तुलना करायची ना, मग नीट करू. तेव्हा इंग्लंडमध्ये एक सरकार होतं ज्याला खात्री होती की आपल्यालाच सगळं कळतं, आपल्याकडे गुप्त माहिती आहे, आणि विरोध करणारे लोक गोंधळलेले आहेत. ते सरकार पंतप्रधान चेंबरलेनचं, हिटलरला चुचकारणारं. आणि ज्याला तेव्हा सरकारी लोक वेड्यात काढत होते, ज्याचं कुणी ऐकत नव्हतं, तो विरोध करणारा माणूस होता चर्चिल. म्हणजे रम्सफेल्डसाहेब स्वतःच्याच गोष्टीत चर्चिलच्या जागी नाहीत, ते चेंबरलेनच्या जागी आहेत.

काका हसले नाहीत, मान हलवली आणि म्हणाले, "वकिलाचं काम केलंय."

अगदी बरोबर. लोकांना वाटतं असल्या भाष्याची ताकद रागात आहे. राग आहेच, नाही असं नाही, पण तो रागाआधी समोरच्याचाच मुद्दा हातात घेतो, उलटा करून दाखवतो, आणि मग आवाज चढतो. ऐकणाऱ्याला तो राग परका वाटत नाही कारण तोपर्यंत त्याच्या मनात तो तयार झालेला असतो. शेवटी त्याने मर्रोचे १९५४ चे शब्द वाचून दाखवले, मतभेद म्हणजे देशद्रोह असं समजू नका, या अर्थाचे. तसाही तो कार्यक्रम संपवताना मर्रोचंच निरोपाचं वाक्य म्हणायचा, कुणाच्या परंपरेत आपण बसतो हे त्याने लपवलं नाही.

बारीक बघाल तर अजून काही दिसेल. स्क्रिप्ट स्वतः लिहिलेली आहे हे लगेच कळतं, वाक्यं लांब लांब आहेत, मध्ये एकाच शब्दाने सुरू होणारी तीन-चार वाक्यं येतात, मग एकदम चार शब्दांचं छोटं वाक्य. आपल्याकडे चांगला कीर्तनकार किंवा व्याख्यानमालेतला कसलेला वक्ता हेच करतो, श्वास कुठे घ्यायचा हे त्याला माहीत असतं. आणि तो ज्याच्यावर टीका करतोय त्याचं सरळ नाव घेऊन बोलतो. 'काही लोक म्हणतात', 'सूत्रांकडून कळतं' असलं काही नाही.

पण मग हा आरडाओरडाच झाला ना?

हा सगळ्यात जास्त येणारा आक्षेप. आणि आपण रोज रात्री नऊच्या डिबेट बघतो त्यामुळे तो येणारच.

तळमळ आणि आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्बरमनचंच दुसरं टोक बघा. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात मतदान होऊन समलिंगी लग्नांवर बंदी आली, त्यावर १० नोव्हेंबरला तो बोलला. आधीच सांगितलं की माझा यात वैयक्तिक काही संबंध नाही. आणि मग जवळजवळ विनवणी केली. दोन माणसांना एकमेकांबरोबर राहायचंय, यात तुमचं काय जातं, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आवाज खालीच, घसा दाटलेला. मी ते बघताना रडले आहे आणि ते सांगायला मला काही वाटत नाही. तिथे ओरडणं अजिबात नाही आणि तरी त्या रम्सफेल्डच्या भागापेक्षा ते जास्त आत जातं.

आपल्याकडचं उदाहरण रवीश कुमार. १९ फेब्रुवारी २०१६ ला त्यांनी एनडीटीव्हीच्या 'प्राइम टाइम'मध्ये स्क्रीनच काळी केली आणि टीव्हीवरच्या आरडाओरड्याचे नुसते आवाज ऐकवले, बघा आम्ही तुमच्या घरात काय पाठवतोय म्हणून. स्वतःच्या धंद्यावर इतकं थेट भाष्य मी तरी दुसरं बघितलेलं नाही. रखडलेल्या सरकारी नोकरभरतीवर, विद्यापीठांच्या अवस्थेवर त्यांनी सलग कितीतरी भाग केले, त्यात तळमळ ठासून होती आणि फाइलही जाडजूड होती. २०१९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मराठीत निखिल वागळे 'आजचा सवाल' करायचे तेव्हा त्यांची शैली न पटणारेसुद्धा रात्री चॅनल लावून बसायचे हे आठवत असेल.

ओळखायचं कसं, तर माझी एक साधी पद्धत आहे. बोललेलं सगळं कागदावर उतरवलंय असं समजा आणि आवाज, म्युझिक, हातवारे सगळं काढून टाका. जे उरतं त्यात मुद्दा आहे का? रम्सफेल्डला दिलेलं उत्तर कागदावरही उभं राहतं. सहा खिडक्यांच्या डिबेटमधला एक तास कागदावर काढला तर बहुतेक वेळा 'मला बोलू द्या' एवढंच उरतं.

मग चॅनलं चांगलं भाष्य का देत नाहीत, डिबेटच का देतात?

पैसा. बातमी आणायची म्हणजे रिपोर्टर, कॅमेरामन, गाडी, प्रवास, दोन दिवस, आणि इतकं करून कधी कधी बातमी होतच नाही. डिबेटला स्टुडिओ आधीच आहे, पाहुणे घरून जोडले जातात. म्हणून स्वस्तात तास भरतो. भाष्य दिसायला याहूनही स्वस्त वाटतं, एकच माणूस आणि एक कॅमेरा, पण ते लिहिणाऱ्याच्या मागे वाचन लागतं, रिसर्चची टीम लागते, आणि सगळ्यात महाग म्हणजे मालकाची छाती लागते. ज्याच्या जाहिराती येतात किंवा ज्याच्याकडून परवानग्या लागतात त्याच्यावर भाष्य झालं तर फोन अँकरला येत नाही, मालकाला येतो.

यात टीआरपी आली. टीआरपी म्हणजे निवडक घरांमध्ये मीटर बसवून कोण काय बघतंय याचा काढलेला अंदाज, त्यावर जाहिरातीचे दर ठरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला, त्यानंतर हे आकडे काढणाऱ्या बार्क या संस्थेने न्यूज चॅनलांचे आकडे देणं थांबवलं ते थेट मार्च २०२२ मध्ये परत सुरू केलं. भांडण बघायला माणूस थांबतो हे मीटरला कळतं, भाष्य ऐकून माणूस रात्री उशिरापर्यंत विचार करत पडला हे मीटरला कळत नाही.

कायदा काय म्हणतो, अँकर काहीही बोलू शकतो का?

नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय आणि १९(२) ने त्याच्या मर्यादा. पत्रकाराला यात वेगळा हक्क नाही, जो तुम्हाला-मला तोच त्याला. ऑनलाइन बोलण्याच्या स्वातंत्र्यावरच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने एक फार कामाची फोड केली. चर्चा करणं, एखाद्या बाजूचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन, मग ते मत कितीही नावडतं असो, स्वातंत्र्याच्या अगदी गाभ्यात येतात. तिसऱ्यापाशी गोष्ट पोचली की सरकारला हात घालता येतो. शिवाय केबल टीव्हीच्या नियमांमधला प्रोग्राम कोड आहे, त्यात बदनामीकारक, मुद्दाम खोटं आणि अर्धसत्य दाखवायला मनाई आहे. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो.

म्हणजे मत मोकळं आहे, पण त्या मताखालची माहिती खोटी असेल तर 'हे माझं मत होतं' म्हणून सुटता येत नाही. अमेरिकेत दोन्ही बाजूंच्या अँकरांचे खटले यावर झाले. २०२० मध्ये रिपब्लिकनांकडे झुकलेल्या फॉक्स न्यूजच्या टकर कार्लसनच्या बाबतीत आणि २०२१ मध्ये डेमोक्रॅटांकडे झुकलेल्या एमएसएनबीसीच्या रेचल मॅडोच्या बाबतीत कोर्टाने साधारण एकच म्हटलं, की या कार्यक्रमात अतिशयोक्ती आणि मत असतं हे बघणाऱ्याला कळतं, त्यामुळे दावा चालत नाही. पण डोमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीच्या दाव्यात प्रकरण मतांचं नव्हतं, २०२० च्या निवडणुकीबद्दल खोट्या गोष्टी खऱ्या म्हणून प्रसारित केल्याचं होतं, आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

तिकडचं अजून एक सारखं विचारलं जातं, की तिथे तर दोन्ही बाजू दाखवायचा नियम होता ना? होता. १९४९ पासून 'फेअरनेस डॉक्ट्रिन' होतं, ते १९८७ मध्ये काढून टाकलं. पण ते मुळात हवेतून लहरी सोडणाऱ्या स्टेशनांसाठी होतं, केबल चॅनलांना ते लागू नव्हतंच. फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी दोन्ही १९९६ मध्ये केबलवर सुरू झाली, त्यांच्यावर हे बंधन कधी आलंच नाही.

आपल्या बाजूचा बोलतो म्हणूनच आवडतो, खरं की नाही?

बरंचसं खरं. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो आणि त्याला गोड बोलून टाळता येणार नाही. ओल्बरमनचा रोख बहुतेक वेळा बुश सरकार आणि रिपब्लिकन पक्षावरच असायचा. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने तीन डेमोक्रॅट उमेदवारांना प्रत्येकी २,४०० डॉलर देणगी दिल्याचं बाहेर आलं, चॅनलची आधी परवानगी घेतली नव्हती, म्हणून त्याला काही दिवस निलंबित केलं. मला हे खटकतं. मत असणं वेगळं आणि ज्या मैदानावर तुम्ही पंचासारखे बोलताय तिथे एका टीमला पैसे देऊन ते न सांगणं वेगळं. त्याच वर्षी जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या रिपब्लिकन उमेदवाराला त्याने विशेषणांची अशी काही लाखोली वाहिली की टीव्हीवर राजकीय विनोदाचा कार्यक्रम करणाऱ्या जॉन स्टुअर्टने, जो काही विरुद्ध गटातला नव्हता, त्याची टीव्हीवरच कानउघाडणी केली, आणि ओल्बरमनने आपण जरा जास्तच वाहवत गेलो हे ऑन एअर मान्य केलं.

तरी मी चाहती कशी राहिले? कारण त्या विशेषणांच्या भागात फाइल नव्हती आणि रम्सफेल्डच्या भागात होती, हे मला बघताना कळतं. माणूस पूर्ण आवडायला पाहिजे असं काही नसतं, एकेक भाग वेगळा तोलता येतो. आणि ज्याच्याशी तुमचं अजिबात पटत नाही अशा एखाद्या भाष्यकाराला अधूनमधून ऐका, त्याने दिलेली माहिती खरी निघते का तेवढं तपासा. खरी निघाली तर त्याचं मत न पटूनसुद्धा त्याला मान द्यावा लागतो.

बोलून काय बदलतं पण?

लोक म्हणतात मर्रोने मॅकार्थीला पाडलं. तितकं सोपं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिल ते जून लष्कर विरुद्ध मॅकार्थी अशा सुनावण्या झाल्या, त्या टीव्हीवर लाइव्ह दिसल्या, लोकांनी त्याचं वागणं स्वतः बघितलं, आणि २ डिसेंबर १९५४ ला सेनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला. क्रॉन्काइटबद्दल तर दंतकथाच आहे, की राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ते बघून म्हणाले की क्रॉन्काइट गेला म्हणजे देश हातातून गेला. प्रत्यक्षात तो कार्यक्रम चालू होता तेव्हा जॉन्सन टेक्सासमध्ये गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवसाच्या पार्टीत होते.

सरकार भाष्याने पडत नाही. पण २००६ मध्ये अमेरिकेत कितीतरी लोक घरात बसून विचार करत होते की युद्ध चुकतंय असं आपल्यालाच वाटतं का, आपण देशाच्या विरोधात आहोत का, आणि टीव्हीवरचा एक माणूस त्यांच्या मनातलं मुद्देसूद बोलला. सभेत काकू उठल्या की मागच्या रांगेतले चार जण मान हलवतात ना, ऑगस्टचा टँकर त्यांच्याही मनात होता, फक्त उठायची हिंमत नव्हती. पुढच्या सभेत त्यातला एखादा स्वतः उठतो. भाष्याचं काम एवढंच आणि मला ते फार मोठं वाटतं.

चाळीस सेकंदांची क्लिप आली तर

ग्रुपवर येतो तो बहुतेक वेळा शेवटचा चढलेला भाग, ज्याच्यावर 'शेवटपर्यंत ऐकाच' लिहिलेलं असतं. आधीची पाच मिनिटं, जिथे कागद, तारखा, समोरच्याचे शब्द असतात, ती कापलेली. म्हणजे बिलांची फाइल बाजूला टाकून काकूंचा फक्त आवाज पुढे पाठवला. त्यामुळे क्लिप आवडली तरी पूर्ण भाग शोधून बघा आणि पाठवायचाच तर तो पाठवा, वेळ जाईल पण भांडणं कमी होतील.

आणि ज्यांना मुळापासून बघायचंय त्यांनी मर्रोचा १९५४ चा अर्धा तास आधी बघावा. घड्याळ लावून बसा आणि त्याचं स्वतःचं मत कितव्या मिनिटाला सुरू होतं ते बघा. त्यानंतर ओल्बरमनचा ३० ऑगस्ट २००६ चा पहिला भाग आणि मग नोव्हेंबर २००८ चा. काकांनी या क्रमाने बघितले आणि २००८ चा त्यांनी घरातल्या काकूंना हाक मारून परत लावला.